मिररवर मिरर चढवण्याआधी: हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर रेड एकत्र कसं वापरावं

प्रश्न थोडक्यात असा. परळला हिंदमाताजवळ एका सहकारी पतपेढीचं मुख्य कार्यालय आहे, भांडुप आणि डोंबिवलीला शाखा आहेत. मुख्य कार्यालयात लिनक्सचा एक टॉवर सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये खाती आणि सोबत सभासदांच्या कागदपत्रांचे स्कॅन. सर्व्हरमध्ये बॅटरीवालं रेड कार्ड (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एक म्हणून वापरणं) आणि ४ टीबीच्या चार साटा डिस्क. प्रश्नकर्त्याची योजना अशी की कार्डाने दोन-दोन डिस्कचे दोन मिरर (जोडीतल्या दोन्हींवर हुबेहूब तोच डेटा) करायचे आणि त्या दोघांवर लिनक्सच्या एमडीएडीएम या सॉफ्टवेअर रेडच्या साधनाने तिसरा मिरर चढवायचा, म्हणजे चारही डिस्कवर तोच डेटा. वेंडर म्हणतो, "कार्ड आहे ना, मग हे कशाला?" कार्यकारिणी म्हणते, पैसा लोकांचा आहे, सुरक्षा दुप्पट होत असेल तर करून टाका.

दुप्पट होत नाही. पण वेंडरचं "कार्ड आहे ना" हेही उत्तर नव्हे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

एकावर एक थर चढवताना प्रत्येक थराला एकच प्रश्न विचारायचा: तू नक्की काय मेल्यावर उपयोगी पडणार? खालच्या थराचं आणि वरच्या थराचं उत्तर एकच येत असेल तर वरचा थर काढून टाका. तुमच्या योजनेत दोन्ही थरांचं उत्तर "डिस्क मेल्यावर" असंच आहे. चारपैकी कुठल्याही तीन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत राहील, हे गणित खरं आहे. कागदावर ते भारी दिसतं. पण चारही डिस्क एकाच कार्डावर, एकाच बॅकप्लेनवर (डिस्क जिथे खोचतात त्या पट्टीवर), एकाच पॉवर सप्लायवर. चार कुलपं लावून किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवण्यातला प्रकार.

१९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी रेडचे स्तर मांडले, मिरर हा त्यातला पहिला. त्यांच्या हिशोबात एक गृहीतक होतं की डिस्क एकमेकींशी संबंध नसताना, आपापल्या वेळी मरतात. ऑफिसात ते तितकंसं खरं नसतं. डिस्क एकाच खोक्यातून, एकाच बॅचच्या आलेल्या असतात, सारखेच तास चाललेल्या असतात आणि सारख्याच उकाड्यात भाजलेल्या असतात. एका आठवड्यात तीन डिस्क गेल्या तर तिथे डिस्कचा दोष शोधू नका. पॉवर सप्लाय, बॅकप्लेन किंवा खोलीचं तापमान यांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं, आणि मग चौथीचीही खात्री नसते. म्हणजे तुमचा चौथा डिस्क-खर्च ज्या प्रसंगासाठी आहे, तो प्रसंग आला तर बहुतेक वेळा ती चौथी डिस्कही त्याच प्रसंगात सापडलेली असेल.

आता हे एकाच कार्डावरचं दुहेरी मिररिंग प्रत्यक्षात कसं चालतं ते जवळून बघू, कारण खरा त्रास तिथे आहे.

पोस्टग्रेसने एक व्यवहार कमिट केला, म्हणजे पक्का नोंदवला. एमडी, म्हणजे लिनक्समधला मिरर चालवणारा भाग, तो दोन "डिस्क"वर लिहितो. त्या त्याच्या दृष्टीने डिस्क आहेत, प्रत्यक्षात कार्डाने दाखवलेले दोन व्हॉल्यूम आहेत. दोन्ही लेखन कार्डाच्या एकाच कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, जातं, कार्ड लगेच "झालं" म्हणून सांगतं आणि सवडीने चार डिस्कवर उतरवतं. कॅशमध्ये तीच गोष्ट दोनदा बसते, म्हणजे कॅश निम्मी वाया. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कार्ड अचानक मेलं तर कॅशमधलं न उतरलेलं लेखन सॉफ्टवेअर मिररच्या दोन्ही बाजूंचं एकदम जातं. पोस्टग्रेसला "झालं" सांगितलेलं असतं, खातेदाराच्या हातात पावती असते, आणि चारपैकी एकाही डिस्कवर तो व्यवहार नसतो. वरचा मिरर नेमक्या याच प्रसंगी कामाला यायला हवा होता.

दुसरी गोष्ट देखरेखीची. खालच्या एका मिररमधली एक डिस्क गेली. कार्ड दुसरीवरून काम चालू ठेवतं, त्यासाठीच ते आहे. एमडीला काहीच कळत नाही. तुम्ही एमडीस्टॅट ही एमडीची स्थिती दाखवणारी फाइल उघडून बघता, तिथे दोन्ही बाजूंसमोर "यू" "यू" असतं, सगळं आलबेल. एमडीएडीएमचा मॉनिटर मेल पाठवत नाही, कारण त्याच्या लेखी काही घडलेलंच नाही. खरी बातमी फक्त कार्डाला ठाऊक असते. ती काढायला कार्ड कंपनीचं वेगळं साधन लागतं आणि ते क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) लावून मेलला जोडावं लागतं. हे बहुतेक ठिकाणी राहून जातं. कार्डाचा भोंगा वाजतो म्हणाल, तर लोअर परळच्या एका ऑफिसात तो कितीतरी दिवस वाजत होता आणि सगळे समजत होते की यूपीएसची बॅटरी संपत आलीय. शेवटी कुणीतरी भोंगाच बंद केला.

स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडेही कार्डामागे लपतात. ते वाचणाऱ्या स्मार्टसीटीएलला कार्डाचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक स्पष्ट सांगावा लागतो, तेव्हाच तो मागच्या खऱ्या डिस्कपर्यंत पोचतो. नुसतं पहिल्या डिस्कवर चालवलं तर कार्डाचं नाव दाखवून गप्प बसतो.

तिसरी गोष्ट तपासणीची, आणि ही फार थोड्यांच्या लक्षात येते. एमडीला "चेक" सांगितला की तो दोन्ही बाजू वाचून ताडून बघतो. डेबियनमध्ये हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होतं. पण तुमच्या रचनेत प्रत्येक बाजू म्हणजे खाली दोन डिस्क. कार्ड त्यातल्या एकीवरून वाचून देतं, दुसरीला हात लावायची त्याला गरजच नसते. म्हणजे चार प्रती असून एमडीने दोनच ताडल्या. उरलेल्या दोन डिस्कवर खराब सेक्टर असतील तर ते उघडे पडतात ते थेट रिबिल्डच्या, म्हणजे नव्या डिस्कवर प्रत पुन्हा भरण्याच्या, वेळी. हे टाळायला कार्डाची स्वतःची पेट्रोल रीड (डिस्क वाचून तपासणं) आणि कन्सिस्टन्सी चेक (प्रती ताडणं) वेगळी लावावी लागते, आणि ती एमडीच्या चेकबरोबर एकाच रात्री येणार नाही हेही बघावं लागतं, नाहीतर सोमवारी सकाळी काउंटरवर रांग आणि सर्व्हर मुंगीच्या पावलाने.

रविवारचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मुंबईतल्या बहुतेक छोट्या ऑफिसांत शनिवारी शटर ओढताना एसी बंद होतो. म्हणजे महिन्यातला डिस्कवरचा सगळ्यात जड ताण नेमका बंद खोलीत, एसीविना, येतो. मे महिन्यात पोटमाळ्यावर ठेवलेल्या सर्व्हरचं काय होत असेल ते स्मार्टमध्ये तापमानाचा उच्चांक बघितला की कळेल. चेक रोजच्या रात्री थोडा-थोडा विभागून करा किंवा सर्व्हरच्या खोलीला छोटा वेगळा एसी द्या. दुसरा कार्यकारिणीकडून मंजूर होईल की नाही ते तुम्हीच जाणता.

चौथी, टाइमआउटची. डिस्कला एखादा सेक्टर वाचता येत नसेल तर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. साध्या डेस्कटॉप डिस्क या नादात दोन-दोन मिनिटं घालवू शकतात. लिनक्स डीफॉल्टने ३० सेकंद थांबतो, मग लिंक रीसेट करतो. सर्व्हर आणि नास (नेटवर्कवरचं साठवणीचं खोकं) यांच्या डिस्कमध्ये हा हट्ट साधारण ७ सेकंदांवर आवरलेला असतो, म्हणजे डिस्क वेळेत "नाही वाचता येत" म्हणते आणि वरचा थर दुसऱ्या प्रतीवरून वाचून तो सेक्टर पुन्हा लिहितो. दोन थर असले की आधी कार्ड थांबतं, मग वर लिनक्स थांबतो, आणि कार्डच गोंधळून रीसेट झालं तर एमडीच्या दोन्ही बाजू एकदम गायब होतात. रेड १ मध्ये, म्हणजे मिररमध्ये, एमडी शेवटची उरलेली बाजू कधी बाद करत नाही, त्यामुळे अ‍ॅरे (डिस्कचा संच) नावाला जिवंत असतो, पण लेखनाच्या चुका वर जातात आणि फाइलसिस्टिम केवळ-वाचन अवस्थेत जाते. काउंटरवर फक्त एवढंच दिसतं की पावती निघत नाही.

वीज जाते तेव्हाचं वेगळंच. मधेच बंद पडल्यावर एमडीला शंका असते की दोन्ही बाजू सारख्या आहेत का, म्हणून तो सिंक करतो. राइट-इंटेंट बिटमॅप, म्हणजे कुठे लेखन चालू होतं त्याची नोंद, असेल तर फक्त अर्धवट राहिलेले भाग. १०० जीबीपेक्षा मोठ्या अ‍ॅरेला एमडीएडीएम तो आपणहून लावतो किंवा लावायचा का ते विचारतो. बिटमॅप नसेल तर सगळ्या ४ टीबी. सेकंदाला १५० एमबी धरले तरी सव्वासात ते साडेसात तास, तेही मशीन मोकळं असताना. त्याच वेळी खाली कार्डानेही एखाद्या मिररची दुरुस्ती काढली असेल तर दोन्ही सिंक त्याच डिस्कवर एकमेकांशी भांडतात. कुणाला कुणाची खबर नाही.

एवढं सगळं वाचून वाटेल की मी एकत्र करण्याच्या विरोधात आहे. तसं नाही. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर एकत्र चांगलं चालतं, फक्त दोघांना वेगवेगळं काम द्यायचं.

एक नमुना दोन कार्डांचा. दोन वेगळ्या स्लॉटमध्ये दोन कार्डं, प्रत्येकाची वेगळी केबल आणि वेगळं बॅकप्लेन. प्रत्येक कार्ड खाली स्वतःचा मिरर सांभाळतं आणि एमडी या दोन कार्डांच्या मध्ये मिरर करतो. इथे वरच्या थराला विचारलं की तू काय मेल्यावर उपयोगी, तर तो म्हणतो "कार्ड". खालचा म्हणतो "डिस्क". हा खरा दुहेरी मिरर. पूर्वी मोठ्या डेटाबेससाठी, दोन वेगळ्या स्टोरेज खोक्यांच्या मध्ये, हेच करत. तुमच्या टॉवरमध्ये मात्र बॅकप्लेन एकच असेल, तर दुसरं कार्ड घेऊनही अर्धीच मजल.

दुसरा नमुना, कार्डाने खाली मिरर आणि सॉफ्टवेअरने वर स्ट्राइप (डेटाचे तुकडे डिस्कवर वाटून ठेवणं) किंवा एलव्हीएम (लिनक्सची जागा जोडायची-वाटायची सोय). यात सॉफ्टवेअरचं काम जागा जोडण्याचं, सुरक्षेचं नाही. क्रम मात्र उलटा करू नका. खाली स्ट्राइप आणि वर मिरर केला तर चार डिस्कमधल्या कुठल्याही दोन जाण्याच्या सहा शक्यतांपैकी दोनच पचतात. खाली मिरर आणि वर स्ट्राइप असेल तर सहापैकी चार. डिस्क त्याच, पैसे तेच.

तिसरा, शेजारी-शेजारी. ऑपरेटिंग सिस्टिम दोन छोट्या एसएसडींवर हार्डवेअर मिररने, डेटा बाकीच्या डिस्कवर सॉफ्टवेअर मिररने. बूटसाठी हार्डवेअर मिरर सुखाचा असतो, कारण फर्मवेअरला एकच डिस्क दिसते आणि एक गेली तरी मशीन मुकाट उठतं. सॉफ्टवेअर मिररवरून बूट करायचं तर ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) दोन्ही डिस्कवर टाकायचा, ईएफआयचं (फर्मवेअर ज्यातून बूट करतं ते) पार्टिशन दोन्हीकडे ठेवायचं आणि त्याचा मिरर केलाच तर मेटाडेटा (मिररची स्वतःची माहिती) १.० प्रकारचा, जो पार्टिशनच्या शेवटी बसतो. डीफॉल्ट १.२ सुरुवातीजवळ बसतो आणि फर्मवेअरला ते पार्टिशन ओळखू येत नाही. जमतं, पण पुढच्या माणसाला कळलं पाहिजे.

झेडएफएस (रेडची सोय आतच असलेली फाइलसिस्टिम) वापरणार असाल तर कार्डाचा मिरर पूर्ण सोडा. झेडएफएसकडे प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (मजकूर बदलला नाही ना ते पडताळणारा आकडा) असतो, त्यामुळे दोन प्रतींत फरक पडला तर बरोबर कोणती हे त्याला कळतं आणि तो चुकीची दुरुस्त करतो. एमडीला हे कळत नाही. फरक आहे एवढं तो मोजतो, आणि दुरुस्ती सांगितली तर एक प्रत प्रमाण धरून दुसरीवर लिहितो. पण झेडएफएसला खाली कार्डाने एकच गुळगुळीत व्हॉल्यूम दिला तर त्याच्याकडे दुसरी प्रतच नाही. तो चूक दाखवेल, सुधारू शकणार नाही. त्याला कार्ड एचबीए मोडमध्येच (डिस्क जशाच्या तशा दाखवणारा मोड) द्यायचं. काही कार्डांत तो मोड नसतो म्हणून लोक प्रत्येक डिस्कचा एक-एक रेड ० (एकट्या डिस्कचा स्ट्राइप) बनवून देतात. शक्यतो टाळा. डिस्क बदलताना आधी कार्डात जाऊन नवा व्हॉल्यूम करावा लागतो, आणि तीच डिस्क उद्या दुसऱ्या मशीनला लावली तर ओळखेलच असं नाही.

विंडोज सर्व्हरवाल्यांसाठी एवढंच, की स्टोरेज स्पेसेसलाही (विंडोजचा सॉफ्टवेअर रेड) झेडएफएससारखंच खाली उघड्या डिस्क लागतात, रेड व्हॉल्यूम नको. आणि लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या मशीनच्या बायोसमध्ये जो "रेड" दिसतो, तो हार्डवेअर रेड नसतो. काम सीपीयू आणि ड्रायव्हरच करतात, कॅश नाही, बॅटरी नाही. त्यापेक्षा सरळ एमडी बरा.

आता तुमच्याबद्दल.

परळच्या मशीनमधल्या चारही डिस्क कार्डाच्या हाती द्या आणि हार्डवेअर रेड १० (खाली मिरर, वर स्ट्राइप) करा. ८ टीबी मिळतील, बॅटरीच्या कॅशमुळे पोस्टग्रेसचे कमिट झपाट्याने होतील, आणि डिस्क गेली तर लाल दिवा बघून वेंडरचा माणूस दुपारी येऊन बदलून जाईल. तुमच्याकडे चोवीस तास बसणारा लिनक्सचा माणूस नाही, त्यामुळे शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो. कार्डावर राइट-बॅक (आधी कॅशमध्ये, मग सवडीने डिस्कवर) ठेवा, पण बॅटरी गेली की आपोआप राइट-थ्रू (थेट डिस्कवर) होईल असं. "बॅटरी नसली तरी राइट-बॅक" हा पर्याय काही कार्डांत असतो, त्याला हात लावू नका. डिस्कचे स्वतःचे कॅश बंद. बॅटरीची लर्न सायकल (क्षमता तपासण्याची फेरी) चालू असताना काही कार्डं तात्पुरती राइट-थ्रूवर जातात आणि सगळं मंद होतं, म्हणून ती रात्रीची लावा. महिनाअखेरीच्या व्याज आकारणीच्या दिवशी आली तर तुम्ही दिवसभर डेटाबेसला दोष देत बसाल.

सॉफ्टवेअर मिरर बांधायचा तो या मशीनच्या आत नाही, दुसऱ्या मशीनशी. डोंबिवलीला एक साधा सर्व्हर ठेवा, त्यात दोन डिस्क आणि मुद्दाम रेड कार्ड न घालता एमडीचा मिरर. मुद्दाम यासाठी की कार्डाच्या फर्मवेअरने परळला काही घोळ घातला तर तोच घोळ डोंबिवलीला होण्याची शक्यता उरत नाही. इथे हार्डवेअर, तिथे सॉफ्टवेअर, मध्ये पोस्टग्रेसचं स्ट्रीमिंग रेप्लिकेशन, म्हणजे इकडचा प्रत्येक बदल लगेच तिकडच्या प्रतीला पाठवणं. मला हे एकत्रीकरण पटतं.

हे दुसरं मशीन का, ते परळच्या माणसाला समजावायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा तळमजल्यावरचे कितीतरी सर्व्हर आपल्या चारही डिस्कांसकट पाण्यात होते. हिंदमाताला तर पाणी भरायला एवढ्या पावसाचीही गरज पडत नाही. आणि १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा ज्यांच्या यूपीएसने सर्व्हरला वेळेत शटडाउन सांगायची व्यवस्था नव्हती त्यांनी मशीन बंद पडताना नुसतं बघितलं. डोंबिवलीची वीजही त्याच जाळ्यातली आहे, तेव्हा त्या एका गोष्टीसाठी दुसरं गाव पुरत नाही. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून आपोआप शटडाउन लावा. केबल बहुतेकदा यूपीएसच्या खोक्यात तशीच पडलेली असते.

डीआरबीडी का नको, असं कुणीतरी विचारेलच. डीआरबीडी म्हणजे नेटवर्कवरून ब्लॉक पातळीचा मिरर, २०१० साली तो लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये आला, उत्तम चीज आहे. त्याच्या प्रोटोकॉल सी मध्ये पलीकडच्या डिस्कवर उतरेपर्यंत इकडचं लेखन पूर्ण धरलं जात नाही. एकाच रॅकमधल्या किंवा एकाच इमारतीतल्या दोन मशीनसाठी मी तोच सुचवीन. परळ ते डोंबिवली मात्र तुमची लाइन कुठल्याही दिवशी मेट्रोच्या नाहीतर गटाराच्या खोदकामात तुटणार. तुटली की दोन्ही मशीन स्वतंत्र होतात, आणि कुणी घाईत दोन्हीकडे लिहायला सुरुवात केली तर स्प्लिट ब्रेन, म्हणजे दोन खऱ्या-खऱ्या वाटणाऱ्या खातेवह्या. त्या जुळवायला हिशेबनिसांना बसावं लागतं. पोस्टग्रेसचं असिंक्रोनस (पलीकडच्या होकाराची वाट न बघणारं) रेप्लिकेशन लाइन तुटली की मागे पडतं आणि जोडली की भरून काढतं. डोंबिवलीची प्रत तुम्ही हाताने बढती देईपर्यंत केवळ वाचनासाठीच राहते. अपघातात शेवटचे काही सेकंद जाऊ शकतात, हे कार्यकारिणीला आधीच सांगून ठेवा. परळला वॅलच्या (पोस्टग्रेसच्या बदलांच्या नोंदींच्या) फाइली पुरेशा साठवून ठेवा, नाहीतर मोठ्या खंडानंतर प्रत नव्याने घ्यावी लागेल. उलट, बेहिशेबी साठवल्या तर लाइन बंद असताना परळची डिस्क भरेल, म्हणून रेप्लिकेशन स्लॉट (पलीकडे पोचेपर्यंत वॅल राखून ठेवणारी सोय) वापरत असाल तर त्याला कमाल मर्यादा घाला. आणि पोस्टग्रेसच्या पानांचे चेकसम चालू करा. १८व्या आवृत्तीपासून नवा क्लस्टर बनवताना ते आपणहून चालू असतात, जुन्यात सर्व्हर थांबवून चालू करता येतात. ना कार्ड, ना एमडी, दोघेही न सांगणारी बातमी ते सांगतात.

स्कॅनच्या फाइलींना इतकं काही नको. रात्री आरसिंक (फक्त बदललेल्या फाइली पाठवणारं साधन) पुरे.

यातलं काहीच बॅकअप नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल, पण कार्यकारिणीला नसतं. कुणी चुकून सभासदांचं टेबल रिकामं केलं तर ते परळच्या चारही डिस्कवर आणि क्षणात डोंबिवलीलाही रिकामं होतं. रॅन्समवेअरचंही तेच. त्यामुळे रोजचा बेस बॅकअप (पूर्ण डेटाबेसची प्रत) आणि वॅल आर्काइव्ह तिसऱ्या जागी, आणि आठवड्याची एक प्रत अशा डिस्कवर जी एरवी कशालाच जोडलेली नसते. त्यातून दर तिमाहीला एकदा रिकाम्या मशीनवर पूर्ण रिस्टोर करून एखाद्या खात्याची शिल्लक पासबुकाशी ताडून बघा.

डिस्क विकत घेताना दोन गोष्टी. चारही एकाच दुकानातून, एकाच बॅचच्या घेऊ नका. निदान मिररच्या जोडीतल्या दोन वेगवेगळ्या उत्पादन महिन्यांच्या असू द्या. आणि रेकॉर्डिंगचा प्रकार बघा. शिंगल्ड म्हणजे एसएमआर (डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवून लिहिणारी) डिस्क रोजच्या कामात धकून जाते, रिबिल्डच्या सलग लेखनात मात्र दम टाकते, आणि कार्ड तिला मेलेली समजून बाहेर काढू शकतं. वापरलेल्या डिस्कचे तास शून्यावर आणून नव्या म्हणून विकण्याचे प्रकार अलीकडे उघड झाले आहेत, तेव्हा सील, वॉरंटीची तारीख आणि सीरियल नंबर उत्पादकाच्या साइटवर तपासल्याशिवाय बिल देऊ नका.

कार्डही एक दिवस मरणार आहे. त्याच कुटुंबातलं दुसरं कार्ड डिस्कवरची रचना "फॉरेन" म्हणून ओळखून आयात करतं, दुसऱ्या कंपनीचं करेल याचा भरवसा नाही. सर्व्हर जुना असेल आणि ते मॉडेल बाजारातून जात असेल तर एक जास्तीचं आजच घेऊन कपाटात ठेवा. कार्डातली रचना एका कागदावर लिहा: कुठली डिस्क कुठल्या खणात, स्ट्राइप किती, फर्मवेअर कुठलं. प्रत्येक ट्रेवर डिस्कच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवा. मिरर असूनही डेटा गेल्याच्या ज्या घटना मी बघितल्या त्यातल्या बऱ्याच अशा होत्या: एक डिस्क मेली, आणि आलेल्या माणसाने शेजारची चांगली ओढून काढली.

चालू करण्याआधी, खोटा डेटा भरून, हे सगळं मोडून बघा. काम चालू असताना एक डिस्क ओढा. रिबिल्डला किती वेळ लागतो आणि मेल कुणाकुणाला जातो ते बघा. मेल गेलाच नाही तर पुढचं सगळं थांबवून आधी ते नीट करा. मग काम चालू असतानाच सर्व्हरची वायर काढा, उठल्यावर पोस्टग्रेस कुठून सावरतो ते लॉगमध्ये वाचा. शेवटी परळचं मशीन बंद ठेवून डोंबिवलीला बढती द्या आणि भांडुपच्या काउंटरवरून एक व्यवहार करून बघा. त्या दिवशी भांडुपच्या संगणकात सर्व्हरचा पत्ता कुणी कुठे हाताने टाकून ठेवलाय ते हमखास सापडतं.

परळ-डोंबिवली लाइन किती एमबीपीएसची आहे, आणि रोज साधारण किती स्कॅन जमा होतात, तेवढं कळवा. रात्रीचा आरसिंक शाखा उघडण्याआधी संपतो का, ते त्यावर ठरेल. तोवर वेंडरला चार डिस्कवर काही बनवू देऊ नका, आणि बनवलंच असेल तर डेटा भरायच्या आत मोडा.